दोन गोठे

पहाटे ५.२०
गडहिंग्लज तालुक्यातलं बहिणीचं घर. गोठ्यात एकच बल्ब. दोन म्हशी, एक रेडकू. दुसरी म्हैस गाभण आहे, आटलेली. पुढचे दोन महिने तिला खायला घालायचं, दूध मागायचं नाही. भाचा पहिलीपाशी उकिडवा बसलाय, बादली दोन गुडघ्यांत. लगेच सडांना हात लावत नाही. आधी रेडकू सोडतो. ते दोन-तीन ढुशा मारतं, चार घोट पितं, म्हैस पान्हा सोडते. मग रेडकू ओढून खुंट्याला. आंबोणाची पाटी म्हशीपुढे. मग धार. घाई केली की म्हैस दूध चोरते, हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. साडेचार लिटर निघालं. थोडं सडात ठेवतो, रेडकासाठी.

मी पाहुणा. मला आज त्याचं दुकान बघायचंय आणि दुकानात तो दिवसभर जो खेळ लावून ठेवतो, तोही. बहीण म्हणते, पोरगं हॅकर झालंय, जरा समजवा.

६.१०
संकलन केंद्र. घरापुरतं ठेवून चार लिटर घातलं. फॅट ६.८. पावतीवर २१४ रुपये. पावती खिशात, किटली सायकलला.

८.४५
शटर वर. दुकान दहा बाय बारा. भाडं महिना अडीच हजार. एक झेरॉक्स मशीन, जुनं विकत घेतलेलं, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र, दोन संगणक. त्यातल्या एकाची रॅम चार जीबी. तो सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो. हाताखाली एक मुलगी, महिना साडेचार हजार. झेरॉक्स पानाला दोन रुपये, फॉर्म भरायला पन्नास, ऑनलाइन सातबारा काढून छापून द्यायला तीस. त्यातले पंधरा सरकारची फी.

याच जागेत सत्तावीस वर्षं माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अकरा मशीन्स. मराठी तीस शब्दांची परीक्षा, इंग्रजी तीस आणि चाळीस. दहा मशीन्स भंगारात किलोवर गेली. अकरावं वरच्या फळीवर आहे. त्यावर आता लॅमिनेशनचे पाऊच ठेवतात.

९.१०
भाचा दुसरा संगणक लावतो. काळा पडदा, हिरवी अक्षरं. खेळाचं नाव बिटबर्नर. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, त्याचा कोडही कुणालाही वाचता येतो. चित्र जवळजवळ नाही. तुम्ही एक अनोळखी हॅकर, शहराचं नाव सेक्टर-१२, सगळीकडे मोठ्या कंपन्यांचं राज्य. आज्ञा टाइप करायची, उत्तर अक्षरांत येतं. खेळ पुढे न्यायचा तर जावास्क्रिप्टमध्ये खरोखरीचे प्रोग्रॅम लिहायचे. त्यांना तो स्क्रिप्टा म्हणतो.

नुसत्या अक्षरांचा खेळ मला नवा वाटला होता. तसा तो जुनाच. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि मग रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी अनेकांनी मिळून खेळायचा, नुसत्या अक्षरांचा सुरुवातीचा एक खेळ रचला, तो याच जातीचा. या अंधाऱ्या शहरांची जातकुळी ज्या कादंबरीपर्यंत नेतात ती विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमॅन्सर’, १९८४ ची. ती त्यांनी संगणकावर नाही, हाताने ठोकायच्या टाइपरायटरवर लिहिली. हे कळल्यावर मी वरच्या फळीकडे एकदा बघून घेतलं.

काल रात्री भाच्याने खेळात ‘नवा जन्म’ घेतला. पैसा गेला, पातळी पुन्हा एकवर, विकत घेतलेले प्रोग्रॅम गेले. राहिलं काय? स्वतःच्या संगणकावर लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टा आणि त्या संगणकाची वाढवलेली रॅम. पहिल्यांदा खेळताना आठ जीबी मिळते, याची आता चौसष्ट आहे.

“म्हणून मामा, जन्म बदलायच्या आधी उरलेला सगळा पैसा घरच्या रॅमवर उडवायचा. बाकी काय संगं येत न्हाई.”

९.३०
खेळातल्या स्वतःला तो रॉथमन विद्यापीठात बसवतो. कॉम्प्युटर सायन्सचा वर्ग फुकट आहे, बाकीच्या वर्गांना तासाचे नाही, सेकंदाचे पैसे लागतात. फुकटच्या वर्गात पातळी आपोआप चढत राहते. तोवर इकडे पहिलं गिऱ्हाईक. आधारची झेरॉक्स, दोन्ही बाजू एका पानावर. दोन रुपये. पाचशेची नोट.

९.५०
तो पहिल्या सर्व्हरला जोडून घेतो. नाव ‘नूडल्स’, इंग्रजी स्पेलिंगमधल्या दोन ‘ओ’च्या जागी शून्यं. रॅम चार जीबी, दुकानातल्या जुन्या डब्याइतकीच. ‘न्यूक’ चालवतो, ताबा मिळतो. असे सात सर्व्हर कुलूप न तोडता मिळतात: हा एक चार जीबीचा आणि सोळा-सोळा जीबीचे सहा. किराणा, चहा, सुशी, सौंदर्यप्रसाधनं, बंदुकीचं दुकान अशी त्यांची नावं. ईकॉर्पसारख्या महाकंपनीला हात लावायला पातळी हजाराच्या वर लागते. पहिल्या दिवशी लुटला जातो तो चहावाला.

इथे नवशिक्यांची पहिली चूक होते, तो सांगतो. ताबा घ्यायला पातळी लागत नाही, पैसे काढायलाच लागते. म्हणून पातळी एकवर असतानाच सातही घेऊन टाकायचे. दुसरी चूक त्याहून मोठी. ज्या सर्व्हरवर स्क्रिप्ट चालते त्यालाच लुटायचं, असं लोक धरून चालतात. तसं काही नाही. मजूर चहावाल्याच्या पडवीत बसवायचे आणि हात मारायचा बंदूकवाल्याच्या गल्ल्यावर.

१०.३०
सातबाऱ्यासाठी एक म्हातारे. गट नंबर पाठ, ओटीपी येणारा फोन घरी. नातवाला फोन लागतो, नातू आकडे सांगतो, तोवर ओटीपीची मुदत संपते. दुसऱ्यांदा जमतं. तीस रुपये.

म्हातारे गेले. भाचा खुर्ची वळवतो.

“आता बघा. हॅक म्हंजे धार काढणं. गल्ल्यातला थोडा हिस्सा येतो. पण दर धारेला म्हैस बुजते. सुरक्षा वाढते. सुरक्षा वाढली की धारेला वेळ जास्त, आणि फसायची शक्यता जास्त.”

“मग?”

“मग वीकन. थोपटायचं, रेडकू सोडायचं. सुरक्षा उतरते. आणि ग्रो म्हंजे आंबोण. गल्ला वाढतो. पण आंबोण घालतानाबी ती थोडी बुजतेच.”

आकडे त्याला तोंडपाठ आहेत. मजूर म्हणजे स्क्रिप्टचा एक धागा. एक मजूर धार काढतो तेव्हा सुरक्षा ०.००२ ने वाढते. आंबोण घालतो तेव्हा ०.००४ ने. थोपटणारा एक मजूर ०.०५ ने उतरवतो. म्हणजे पंचवीस धार काढणाऱ्यांमागे एक थोपटणारा पुरतो. आंबोणवाले मात्र साडेबारा झाले की एक लागतो.

११.२०
पातळी दहा ओलांडली. बंदूकवाल्याचा, म्हणजे ‘जोज गन्स’चा गल्ला उघडता येतो. आत पंचवीस लाख डॉलर. नवखा इथेच हुरळतो आणि काढायला लागतो. भाचा काढत नाही. या गल्ल्याची कमाल मर्यादा सहा कोटी पंचवीस लाख आहे. म्हणजे समोर आहे तो पंचविसावा हिस्सा. सुरक्षा पंधरा, ती पाचपर्यंत उतरते. दहा उतरवायची तर दोनशे मजूरफेऱ्या.

मजूर किती? इथे रॅमचा हिशेब येतो आणि हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण असाच हिशेब मी कार्बन पेपरचा करायचो. शिकाऊ लोक एकाच स्क्रिप्टमध्ये सगळं घालतात: सुरक्षा तपास, गल्ला तपास, मग थोपट, वाढव, काढ. ती स्क्रिप्ट २.६ जीबी खाते. सोळा जीबीत सहा मजूर बसतात. भाच्याने तीन वेगळ्या चिमुकल्या स्क्रिप्टा केल्यात. एकीला फक्त थोपटणं येतं, एकीला फक्त आंबोण, एकीला फक्त धार. थोपटणारी आणि आंबोणवाली १.७५ जीबीची, धारवाली १.७० ची. सोळा जीबीत नऊ बसतात. सहा सर्व्हरांवर छत्तीसाचे चोपन्न झाले. नूडल्सवर आणखी दोन. विचार करायचं काम घरच्या संगणकावरचा एकच मुकादम करतो. मजुराला विचार करायला लावला की त्याची जागा महाग पडते.

छप्पन्न मजूर. दोनशे फेऱ्यांचं काम. चार पाळ्या. पडद्यावर पहिली पाळी सुरू होते. एका पाळीला काही मिनिटं. बघायला काहीच नाही. मुलगी कागदाचं रीम फोडते, पंख्याखाली धरून पानं सुटी करते, ट्रेमध्ये भरते.

१२.१५
एक तरुण येतो, फोटो प्रिंटला. पडद्यावर ‘हॅक’ दिसतं. आवाज खाली आणून विचारतो, एकीचं इन्स्टाग्राम उघडून मिळेल का, पाचशे देतो.

भाचा त्याच्याकडे न बघता प्रिंटला पान लावतो. “माहिती तंत्रज्ञान कायदा, कलम सहासष्ट. तीन वर्षांपर्यंत आत, नाहीतर पाच लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. फोटो चार काढू का आठ?”

आठ. चाळीस रुपये.

१.३०
डबा. भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. सुरक्षा पाचवर टेकली. आता आंबोण चालू. गल्ला चाळीस लाख, सत्तर लाख, दीड कोटी. तो अजून काढत नाही. मलाच राहवेना.

“जरा तरी काढ रे.”

“काढतो की. पण पुरा नाही. पुरा काढला तर आटती. शून्यातनं परत फुलवायला लई येळ. अर्ध्याच्या खाली मी कधी नेत न्हाई.”

घरी गोठ्यातली दुसरी म्हैस आठवली, पण ती तर गाभण आहे. तिथे ही उपमा संपते. खेळातला गल्ला वीत नाही.

२.२०
पहिली धार. सात लाख डॉलर जमले की खरेदी: दोन लाखांचा टॉर राउटर आणि पाच लाखांचं ‘ब्रूटएसएसएच’, म्हणजे पहिलं कुलूप तोडायची पहार. पातळी पन्नास झाली की ही पहार स्वतःही घडवता येते, पण त्यात वेळ जातो. विकत घेतली. सर्व्हरांची दुसरी रांग उघडली.

२.५०
घोळ.

त्याने मुकादमाच्या स्क्रिप्टमध्ये एक नवी ओळ घातली. न थांबता फिरणारा फेरा होता आणि त्यातला ‘अवेट’ राहिला. ‘अवेट’ म्हणजे जरा थांब, दुसऱ्यांनाही श्वास घेऊ दे. तो नसेल तर फेरा एका दमात अनंतवेळा फिरतो आणि खेळ गोठतो. गोठला. पंखा घरघरला. नेमकं काउंटरवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेली आई-मुलगी. फॉर्म दुसऱ्या खिडकीत होता म्हणून वाचला, पण माउस रांगत होता. आईने विचारलं, “सर्व्हर डाउन हाय काय?” भाचा म्हणाला, “न्हाई, आज आमीच डाउन.”

खिडकी मारली. खेळ उघडताना पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘नोस्क्रिप्ट्स’ जोडलं. तसं केलं की तो सगळ्या स्क्रिप्टा मारून उघडतो. चुकलेली ओळ दुरुस्त. अकरा मिनिटं गेली. फॉर्मचे पन्नास आले, पण त्या पोर्टलने शेवटच्या पानावर खरोखरच मान टाकली. आई-मुलगी बाकावर बसून राहिल्या.

मागे एकदा याहून वाईट झालं होतं. दुकानात तेव्हा असलेल्या पोराने ‘स्लो चालतोय’ म्हणून ब्राउझरचा सगळा साठा पुसला. खेळाची जतन-फाईल ब्राउझरच्या पोटातच असते. चार महिने गेले. पोराला बोलून उपयोग नव्हता. त्याने काम नीटच केलं होतं.

४.१०
शाळा सुटली. प्रोजेक्टच्या रंगीत प्रिंटा, पानाला दहा. गर्दी ओसरल्यावर भाचा एका सर्व्हरवर पडलेली फाईल दाखवतो. हिला करार म्हणतात. आत कोडं असतं. कधी आकड्यांचं, कधी शेअरबाजाराचं, कधी गुप्त लिपीचं. सोडवलं तर बक्षीस. ठरावीक संधी, संपल्या की फाईल स्वतःच नष्ट.

आजचं कोडं सीझरच्या लिपीचं. प्रत्येक अक्षर तीन घरं मागे सरकवायचं. डीच्या जागी ए, ईच्या जागी बी. ए आला तर उलटं फिरून एक्स. मोकळ्या जागा तशाच. संधी दहा. भाचा यासाठी पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहायला बसला. मी म्हटलं, थांब. बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर सव्वीस अक्षरं लिहिली, खाली तीन घरं सरकवून पुन्हा लिहिली. सत्तावीस वर्षं बोटांनी अक्षरंच शोधली. भाच्याच्या आधी झालं. मी सांगत गेलो, त्याने टाइप केलं. पहिल्या संधीत बरोबर.

“मामा, कामावर राहताय काय?”

पगार विचारला. हसला.

५.४०
पोर्टल उठलं. शिष्यवृत्तीचा फॉर्म गेला. त्या आईने पोर्टलला नाही, भाच्याला धन्यवाद दिले.

खेळात पातळी साठ ओलांडली. आता सीएसईसी नावाचा सर्व्हर. तिथे पैसा नाही. मागचं दार बसवायचं असतं, ‘बॅकडोर’. ते बसलं की सायबरसेक नावाची टोळी सामील व्हायला बोलावते. टोळीसाठी राबायचं, पत मिळवायची, मग ते शरीरात बसवायची यंत्रं विकतात. यंत्रं बसवली की पुन्हा नवा जन्म, पण जास्त हुशार.

यंत्रांच्या भावात मेख आहे. एक घेतलं की बाकी सगळ्यांचे भाव १.९ पट. म्हणून महागडं आधी. दहा लाखांचं आणि चार लाखांचं घ्यायचंय समजा. महाग आधी घेतलं तर दहा अधिक सात लाख साठ हजार, एकूण सतरा लाख साठ हजार. स्वस्त आधी घेतलं तर चार अधिक एकोणीस, तेवीस लाख. बाजारात आधी किरकोळ घेऊन मोठ्या वस्तूपाशी घासाघीस करायची आपली सवय इथे अंगाशी येते.

७.००
खेळात सर्व्हर विकत मिळतात, जीबीला पंचावन्न हजार डॉलर. आठ जीबीचा चार लाख चाळीस हजारांना. भाचा पाच घेतो, एका दमात. मग कोल्हापूरच्या दुकानाला फोन लावतो, जुन्या डब्यासाठी खऱ्या रॅमचा दर विचारायला. ऐकतो. “बरं, कळवतो,” म्हणून ठेवतो.

७.३०
दिवसातलं सगळ्यात नाजूक काम. आतापर्यंत थोपट, वाढव, काढ हे एकामागून एक चाललं होतं. एक जण काम करताना बाकीचे बसून. आता सगळे एकदम कामाला लावायचे आणि काम मात्र ठरल्या क्रमाने संपवायचं: धार, थोपट, आंबोण, पुन्हा थोपट. अडचण वेळेची. धारेला दहा सेकंद लागत असतील तर आंबोणाला बत्तीस लागतात आणि थोपटायला चाळीस. नेहमी याच प्रमाणात. म्हणून शेवटी संपायचं ते आधी सुरू करायचं. आधी दोन्ही थोपटणारे, मध्ये आंबोण, धारवाला सगळ्यात शेवटी निघतो आणि सगळ्यात आधी पोचतो.

मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्याने आईचं नाव काढलं. आई डाळ आधी शिजत घालते, भाकरी पान वाढताना थापते, पानात दोन्ही एकदम गरम. मग कळलं.

तो कागदावर वेळा मांडतो. चौघांमध्ये पाव-पाव सेकंदाचं अंतर. पहिल्या खेपेला आंबोण धारेच्या आधी पोचलं. दुसऱ्यांदा दुसरा थोपटणारा चुकला, सुरक्षा चढत गेली. तिसऱ्यांदा ओळीने चार कामं संपली. गल्ला होता तिथे परत, सुरक्षा पाच. मग तोच प्रयोग पुन्हा, आणि पुन्हा. भाच्याने हात डोक्यामागे घेतले. दिवसभरात पहिल्यांदा टेकून बसला.

८.४०
हिशेब. वहीत निळं पेन. दुकानात आले १,४६०. सातबाऱ्याची सरकारी फी १३५, कागद ७०, टोनर १२०, भाड्याचे ८३, मुलीचे १५०, वीज ६०. राहिले ८४२. खेळात आले चार कोटी वीस लाख डॉलर. ते वहीत लिहीत नाही.

“आईला काय सांगू?” मी विचारलं.

“सांगा, पोरगं कोड लिहितंय. खोटं न्हाई.”

खोटं नाहीच. पण या कोडवर नोकरी लागेल, असंही मी सांगणार नाही; मला ते माहीत नाही. मुलांना टायपिंग शिकवताना मी तसं सांगायचो.

८.५५
जतन-फाईल पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह दोरीत ओवून टाइपरायटरच्या रोलरला बांधलेला असतो, कारण ते मशीन तिथून कुणी हलवत नाही. रोज, न चुकता. तुम्ही खेळायला बसलात तर एवढं नक्की करा.

मुलगी गेली. भाचा दोन्ही संगणक बंद करतो, मेन स्विच पाडतो, शटर ओढतो. रात्रभर चालू ठेवलं तर बिल चढतं. सकाळी खेळ उघडला की तो बंद काळातली मजुरांची कमाई जमा करतो. पूर्ण नाही, थोडी कापून.